पुढचा एक्सल : जुन्या जीपच्या एका हरवलेल्या भागाचा इतिहास

१/
भिवंडी तालुक्यातील वळ हे गाव आज गोदामांमुळे ओळखले जाते. पूर्णा, काल्हेर, दापोडे, माणकोली हा सारा पट्टाच तसा. मुंबईच्या हद्दीत माल नेताना जकात भरावी लागे. म्हणून माल हद्दीबाहेर उतरवून ठेवण्याची रीत पडली आणि भातखाचरांच्या जागी पत्र्याची छपरे उभी राहिली. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाला आणि मुंबईची जकात संपली. गोदामे मात्र राहिली, वाढलीही. देशाच्या कानाकोपऱ्यातून मुंबई-ठाण्याकडे निघालेला जड माल याच पट्ट्यात उतरतो.

२/
समजा, अशाच एखाद्या ट्रकमधून गोणपाटात गुंडाळलेला, ग्रीसने माखलेला एक लोखंडी नग खाली उतरला : जुन्या जीपचा पुढचा एक्सल. जुनी फोर बाय फोर जीप पुन्हा उभी करणाऱ्या माणसाला विचारले, तर तो सांगेल की इंजिन मिळते, टप मिळतो, बॉडी तर पत्रा ठोकून नवी करता येते. अडते ते पुढच्या एक्सलपाशी. असे का? ज्या देशात या जिपा हजारोंनी धावल्या, त्याच देशात त्यांचा नेमका हा भाग दुर्मीळ का व्हावा? या धाग्यात त्याचा मागोवा.

३/
गोष्ट १९४० पासून सुरू होते. युरोपात युद्ध पेटले होते. अमेरिकी लष्कराला एक हलकी, चारही चाकांना ओढ असलेली टेहळणी गाडी हवी होती. त्यासाठी १३५ कंपन्यांना विचारणा झाली. मुदत इतकी तोकडी होती की फार थोड्यांनी प्रतिसाद दिला. पेनसिल्व्हेनियातील बँटम या लहानशा कंपनीने कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्याला हाताशी धरले आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना मेरीलँडमधील होलाबर्ड तळावर हजर केला.

४/
या नमुन्याचे एक्सल कोठून आले? स्पायसर या कंपनीने स्टुडबेकर चँपियन या साध्या मोटारीच्या एक्सलमध्ये फेरफार करून ते दिले होते. म्हणजे जगातील पहिल्या जीपखालचा एक्सलही दुसऱ्या गाडीचाच होता. जुन्या जीपच्या ‘अस्सलपणा’वर वाद घालणाऱ्यांनी ही बाब ध्यानात ठेवण्याजोगी आहे. घाईच्या काळात, हाताशी असलेल्या वस्तूला नवे काम शिकवून ही गाडी जन्माला आली.

५/
आता थोडे यंत्रशास्त्र; कारण त्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. बैलगाडीचा आस फक्त भार पेलतो. मोटारीचा मागचा एक्सल भार पेलतो आणि चाके फिरवतोही. फोर बाय फोरच्या पुढच्या एक्सलला मात्र तीन कामे एकदम करावी लागतात : भार पेलणे, चाके फिरवणे आणि तीच चाके डावी-उजवीकडे वळू देणे. फिरणारा दांडा मध्येच वाकवायचा आणि तरी त्याची गती खंडित होऊ द्यायची नाही, हा खरा पेच आहे.

६/
वाकलेल्या दांड्यांना जोडणारा सांधा जुनाच. सतराव्या शतकातील रॉबर्ट हूक यांच्या नावाने तो ओळखला जातो. पण त्यात एक खोट आहे. सांधा वाकला की एक दांडा एकसारखा फिरत असला, तरी दुसरा प्रत्येक फेऱ्यात दोनदा मंदावतो आणि दोनदा धावतो. ३० अंशांच्या वाकावर हा वेग मूळ वेगाच्या सुमारे ०.८७ पटीपासून १.१५ पटीपर्यंत हेलकावतो. वळणावर स्टिअरिंग धरलेल्या हातांना तो हिसका जाणवतो आणि यंत्रालाही सोसावा लागतो.

७/
यावर विसाव्या शतकात अनेकांनी तोडगे काढले. फ्रान्समध्ये ग्रेगवार आणि फनाय यांनी ‘ट्रॅक्टा’ सांधा बनवला. फोर्डचे अभियंते आल्फ्रेड रझेप्पा यांनी गोळ्यांवर चालणारा सांधा बसवला. ‘बेंडिक्स-वाइस’ हा आणखी एक प्रकार. युद्धकाळात एकाच कारखान्याचे उत्पादन पुरेना, म्हणून जीपच्या पुढच्या एक्सलमध्ये हे वेगवेगळे सांधे वापरले गेले. त्यामुळे बाहेरून सारखे दिसणारे दोन एक्सल आतून निराळे निघू शकतात. आज जुना एक्सल उघडणाऱ्याला हा धडा हमखास मिळतो.

८/
जीपचा अंतिम आराखडा विलिस-ओव्हरलँडच्या वाट्याला गेला. त्यांची गाडी ती ‘एमबी’. मागणी इतकी प्रचंड होती की फोर्डलाही तीच गाडी बनवण्यास सांगण्यात आले, ती ‘जीपीडब्ल्यू’. दोन्ही मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जिपा तयार झाल्या. अट अशी होती की एकीचा भाग दुसरीला बसलाच पाहिजे. फोर्डने मात्र आपल्या अनेक भागांवर, अगदी बोल्टांवरही, इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर उठवले. गंजाखाली ते अक्षर आजही सापडते आणि त्या नगाचे जन्मस्थान सांगते. शिलालेखाचा अभ्यासक ज्या नजरेने अक्षरवटिका पाहतो, त्याच नजरेने येथे बोल्ट पाहावा लागतो.

९/
या जिपा भारतात कशा आल्या? ब्रह्मदेशच्या आघाडीमुळे. आसाम, मणिपूर आणि पुढे ब्रह्मदेशातील चिखलवाटांवर दोस्तसैन्याला जीपचाच आधार होता; काही ठिकाणी तर रबरी चाके काढून लोहमार्गाची चाके बसवण्यात आली आणि जिपांनीच डबे ओढले. आघाडी पूर्वेला असली, तरी युद्धयंत्रणेचे जाळे देशभर पसरलेले होते. भिवंडीच्या शेजारचे कल्याण हे त्यातलेच एक ठाणे. तेथील लष्करी छावण्यांत फाळणीनंतर सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला आणि त्यांतूनच उल्हासनगर उभे राहिले.

१०/
युद्ध संपले आणि प्रश्न उभा राहिला : एवढ्या सामानाचे करायचे काय? समुद्रापार परत नेण्याचा खर्च मालाच्या किमतीला भारी पडणारा होता. मे १९४६ मध्ये अमेरिका आणि भारत सरकार यांच्यात हिशेब मिटवण्याचा करार झाला आणि भारतातील अमेरिकी युद्धसाहित्याचा मोठा साठा सरकारच्या हाती आला. त्याची विल्हेवाट लावणारे खाते ते ‘डिस्पोजल्स’. ‘डिस्पोजलचा माल’ हा शब्दप्रयोग तेव्हापासून बाजारात रुळला. तंबू, बूट, जनरेटर, ट्रक आणि जिपा असे सारे लिलावात निघाले.

११/
याच वळणावर मुंबईच्या उद्योगाचा प्रवेश होतो. युद्धकाळात अमेरिकेत भारताच्या पुरवठा मंडळाचे काम पाहिलेले के. सी. महिंद्र यांचा जीपच्या निर्मात्यांशी परिचय झाला होता. त्यांनी बंधू जे. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांच्यासह २ ऑक्टोबर १९४५ रोजी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली होती. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. सुट्या भागांच्या पेट्या जहाजाने येत आणि माझगावला त्यांच्या जिपा जोडल्या जात.

१२/
त्याच सुमारास काश्मीरमध्ये युद्ध चालू होते आणि लष्कराला गाड्या तातडीने हव्या होत्या. लंडनमधील भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांच्यामार्फत दुरुस्त केलेल्या जुन्या जिपांचा करार झाला. संख्या २०००, रक्कम सुमारे ८० लाख रुपये. प्रत्यक्षात १५५ जिपा आल्या आणि त्या वापरण्याजोग्या नसल्याचे आढळले. संसदेत गदारोळ झाला, चौकशीची मागणी झाली. अखेर १९५५ मध्ये सरकारने प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. स्वतंत्र भारतातील पहिला मोठा आर्थिक वाद म्हणून त्याचा उल्लेख होतो.

१३/
या प्रकरणाची चर्चा बहुधा राजकारणाच्या अंगाने होते. पण त्याच्या मुळाशी असलेला पेच जुन्या बाजारात आजही कोणालाही भेटतो : वापरलेले यंत्र न पाहता घ्यावे का? रंग नवा आहे, टायर काळे आहेत. पण आतल्या दात्यांची झीज, हौसिंगचा बाक, सांध्यातील गोळ्यांवरचे खड्डे छायाचित्रात दिसत नाहीत, करारातही नाहीत. ‘दुरुस्त केलेले’ या एका शब्दाचा अर्थ कोण ठरवणार, विकणारा की चालवणारा? एका नवजात राष्ट्राने हा प्रश्न युद्धकाळात, मोठी किंमत मोजून अनुभवला.

१४/
त्यानंतरची दिशा स्वदेशी उत्पादनाची होती. १९५४ मध्ये महिंद्रने विलिसशी सहकार्याचा करार केला आणि एकेक भाग येथेच घडवण्यास आरंभ झाला. येथे रुजली ती ‘सीजे-३बी’. तिचे इंजिन अधिक उंच असल्याने बॉनेटही उंच करावे लागले. म्हणून भारतीय शौकिनांच्या बोलीत ती ‘हाय बॉनेट’ आणि आधीच्या सगळ्या ‘लो बॉनेट’. अमेरिकेत सीजे-३बीचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिचा वंश त्यानंतरही दीर्घकाळ चालू राहिला.

१५/
२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि गटविकास अधिकारी हा नवा माणूस ग्रामीण भारतात अवतरला. त्याची ओळख म्हणजे जीप. १ मे १९६२ पासून महाराष्ट्रात जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या आणि जीप आणखी आत पोहोचली. निवडणुकीचा प्रचार, दुष्काळी कामांची पाहणी, साखर कारखान्याचा शेतकी विभाग, वनखाते, पोलीस : सर्वत्र तीच. पावसाळ्यात जेथे एसटी थांबे, तेथून पुढे जीप जाई. ती जात असे ती पुढच्या एक्सलच्या बळावर.

१६/
मग तो एक्सल गेला कोठे? उत्तर हिशेबात आहे. लष्करातून वा सरकारी खात्यातून लिलावात निघालेली जीप ज्याच्या हाती पडे, त्याला चिखलातून नव्हे, डांबरी रस्त्यावरून माणसे आणि माल न्यायचा असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर इंधनाचा प्रत्येक थेंब मोजला जाऊ लागला. पुढचा चालता एक्सल म्हणजे अधिक वजन, अधिक वंगण, अधिक घर्षण आणि दुरुस्तीचा खर्च. गॅरेजमध्ये सल्ला मिळे : ‘काढून टाका.’ त्याजागी साधा, भार पेलणारा एक्सल बसे. पेट्रोल इंजिन जाऊन डिझेल येई. पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून धावलेल्या जिपांना फोर बाय फोरची गरजच नव्हती.

१७/
काढलेला एक्सल भंगारात जाई. तेथे त्याची किंमत वजनावर ठरे. तो कोणत्या आघाडीवर चालला, हे तराजू विचारत नाही. कुर्ल्याचा सीएसटी रोड, दिल्लीची मायापुरी, चेन्नईचे पुदुपेट्टै या बाजारांत गाड्या मोडल्या जातात. ज्या भागाला गिऱ्हाईक आहे तो फळीवर, उरलेला भट्टीत. त्या काळात पुढच्या एक्सलला गिऱ्हाईक नव्हते. आजच्या दुर्मीळतेचे कारण हेच : वस्तू विपुल होती तेव्हा ती निरुपयोगी ठरली आणि मोलाची झाली तेव्हा वितळून गेली होती.

१८/
येथे भिवंडीचा दाखला देणे अवश्य आहे. कारण टाकाऊ यंत्राला दुसरा जन्म देण्याची विद्या या गावाला नवी नाही. येथील यंत्रमाग उद्योग पुष्कळ अंशी मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकलेल्या मागांवर उभा राहिला. गिरणीच्या लेखी जो माग भंगार होता, तो भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुढील कित्येक वर्षे कापड विणत राहिला. १९८२ च्या गिरणी संपानंतर हा ओघ अधिकच वाढला. ‘जुने’ आणि ‘निकामी’ हे दोन शब्द समानार्थी नाहीत, हे भिवंडीने कापडातून सिद्ध केले आहे.

१९/
आता शोधाची पद्धत. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती ओळखीची वाटेल. पहिली कसोटी : अंतर्गत पुरावा. एमबीपासून सीजे-३बीपर्यंतच्या जिपांमध्ये ट्रान्स्फर केसमधून पुढे जाणारा शाफ्ट उजव्या अंगाने जातो. म्हणून पुढच्या एक्सलचा डिफरन्शियलचा गोळा मध्यभागी नसतो, चालकाच्या दिशेने पाहता उजवीकडे सरकलेला असतो. गोळा डावीकडे असलेला एक्सल कितीही सुस्थितीत असला, तरी या गाडीला निरुपयोगी.

२०/
दुसरी कसोटी : दात्यांची मोजणी. युद्धकालीन एमबीच्या एक्सलमध्ये मोठ्या चक्राला ३९ आणि लहान पिनियनला ८ दाते, गुणोत्तर ४.८८. नंतरच्या नागरी सीजे मालिकेत ४३ आणि ८, गुणोत्तर ५.३८. पुढचा आणि मागचा एक्सल एकाच गुणोत्तराचे असावे लागतात. एक ४.८८ आणि दुसरा ५.३८ असेल, तर फोर बाय फोर टाकताच पुढची आणि मागची चाके वेगवेगळ्या गतीने फिरू पाहतात, ताण साऱ्या यंत्रणेत साठतो आणि शेवटी सर्वांत दुबळा भाग तुटतो. हा दोष बाहेरून दिसत नाही. तो मोजावाच लागतो.

२१/
तिसरी कसोटी : अंगावरच्या खुणा. हौसिंगची नळी सरळ आहे का, हे दोरी लावून पाहतात. चाकाजवळचा सांधा ज्या गोलाकार बंद घरात असतो, त्याचा पृष्ठभाग गंजाने खरवडला असेल, तर नवी सीलही तेल धरत नाही. किंगपिनच्या बेअरिंगमधला ढिलेपणा हब हलवून कळतो. पाटे बसवण्याच्या जागी वेल्डिंगचा ओघळ असेल, तर तो एक्सल एकदा दुसऱ्याच गाडीला जुळवलेला होता, असे समजावे. दस्तऐवजावरील खाडाखोड वाचावी तशी ही लोखंडावरची खाडाखोड वाचावी लागते.

२२/
चौथी कसोटी : वस्तू हातोहात कशी आली. पुराभिलेखाचे मोल जसे त्याच्या मूळ संग्रहावर अवलंबून असते, तसेच जुन्या भागाचेही. लिलावाची पावती, मोडलेल्या गाडीची कागदपत्रे, विक्रेत्याचे बिल यांपैकी काहीच नसेल, तर तो माल चोरीचा असू शकतो आणि तसा माल जाणूनबुजून घेणे हा गुन्हा आहे. बिलावाचून मिळालेला स्वस्त एक्सल पुढे फार महाग पडू शकतो.

२३/
कायद्याची बाजूही पाहू. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम केले. पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात राखलेली आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेली दुचाकी-चारचाकी यात येते. तिच्या क्रमांकात राज्याच्या अक्षरांनंतर ‘व्हीए’ ही अक्षरे असतात. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे. रोजच्या वा धंद्याच्या वापरास मनाई. या व्याख्येत एक्सलचा वेगळा उल्लेख नाही. पण ज्या जीपची पुढची चाके फिरतच नाहीत, तिला ‘मूळ स्वरूपातील’ कोणत्या अर्थाने म्हणावे?

२४/
दुसऱ्या बाजूला काळ वेगाने पुढे सरकतो आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांहून जुन्या सरकारी वाहनांची नोंदणी रद्द करून ती मोडीत काढण्याचे धोरण अमलात आले. प्रदूषण आणि सुरक्षितता यांच्या दृष्टीने त्यामागची कारणे समजण्याजोगी आहेत. पण सरकारी आवारांत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या जुन्या गाड्यांबरोबर त्यांचे सुटे भागही यंत्राखाली जातील. ज्यांच्याकडून एखादा एक्सल मिळण्याची आशा होती, ते साठे आता आटत चालले आहेत.

२५/
यावर आक्षेप असा येतो : दुसऱ्या गाडीचा एक्सल बसवलेली जीप ‘खरी’ कशी? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर या गाडीच्या जन्मकथेतच दडलेले आहे. एकीचा भाग दुसरीला बसावा, याच अटीवर ती घडवली गेली. आघाडीवर एका मोडक्या जीपचा एक्सल काढून दुसरी चालती करणे, हाच तिचा अपेक्षित वापर होता. तेव्हा योग्य मापाचा, योग्य काळातला, ज्याचा उगम ठाऊक आहे असा एक्सल बसवणे ही तिच्या इतिहासाशी प्रतारणा नव्हे. तो तिच्या इतिहासाचाच पुढचा टप्पा होय. अट एकच : कोणता भाग कोठून आला, याची नोंद ठेवली पाहिजे. नोंद नसलेली दुरुस्ती पुढच्या अभ्यासकाची दिशाभूल करते.

२६/
आपल्याकडे किल्ले, ताम्रपट, मोडी कागद यांच्या जतनाविषयी जागृती वाढते आहे, ही समाधानाची बाब आहे. यंत्रांचा इतिहास मात्र अजून तराजूवरच तोलला जातो. वास्तविक या लोखंडात महायुद्ध, फाळणी, एक गाजलेला करार, स्वदेशी उद्योग, पंचायत राज आणि तेलाचे अर्थकारण इतके सारे सामावलेले आहे. गावच्या गॅरेजमागे, पंचायत समितीच्या आवारात किंवा भंगाराच्या ढिगात असा एखादा नग दिसला, तर त्याचे छायाचित्र घ्यावे, उठवलेले अंक आणि अक्षरे टिपून ठेवावीत, गोळा कोणत्या बाजूला आहे ते पाहावे आणि मालकाला तो कोठून आला हे विचारावे. भट्टीत जाण्यापूर्वी एवढी नोंद झाली, तरी बरेच काही वाचेल.

(धागा समाप्त)